वरचं व्हय, खालचं व्हय

धाकूआबांच्या बबनचा फोन आला तेव्हा मी भोरच्या बाजारात मेथीची जुडी उलटी करून बघत होतो. वरून हिरवीगार दिसते आणि आत पिवळी पानं कोंबलेली असतात असा मला दर आठवड्याला संशय येतो, आणि कधीमधी तो खराही निघतो. "मास्तर, आबा गेलं," बबन म्हणाला. "सकाळच्याला, न्याहारी करता करता." यावर मी काय विचारावं? "जवळ कोण होतं? घास अडकला का? डॉक्टरला कधी कळवलंत?" तो एवढंच म्हणाला, "आई म्हनली मास्तरांना सांग, म्हनून केला," आणि त्यानं फोन ठेवला. ज्या माणसाशी माझी पंचवीस वर्षांची ओळख, तो गेल्याचं ऐकल्यावर माझ्या तोंडून आधी चौकशी बाहेर पडली, हळहळ मागाहून आली. याला आता दीड महिना झाला. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते सगळं माझ्या याच स्वभावातून घडलं.

मी भोरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. संशय घेणं हा माझ्या विषयाचा धर्म, असं मी मुलांना सांगत असे. घरी मात्र हा धर्म कुणाला आवडला नाही. आमची ही म्हणते, "तुम्हाला कुणी नमस्कार केला तरी तुम्ही आधी त्याचे हात बघता." ते अगदीच खोटं नाही. धाकूआबांची पहिली गाठ पडली तीही संशयातच. मुलांना घेऊन वेल्ह्याला गेलो होतो, तोरण्याच्या मागच्या अंगाला. एसटीतून उतरून तासभर चढलं की पाचच घरांची एक वाडी लागते. तिथं एक उंच, वाळकुडा माणूस कातळावर उभा राहून हाळी देत होता. तोंडाला हात न लावता, मान किंचित तिरकी करून. समोरच्या उतारावर पांगलेली शेरडं एकेक करून वळली आणि त्याच्याकडे येऊ लागली. मला वाटलं, शहरातली पोरं बघून गडी रंगात आलाय. राजगडाच्या पायथ्याला, पालीत वगैरे, किल्ले बघायला येणाऱ्यांसाठी असले खेळ करून दाखवतात हे मी पाहिलं होतं. म्हणून म्हटलं, "परत एकदा द्या की, मुलांना ऐकू दे नीट." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "शेरडं आली न्हवं? आता कुनाला देऊ?"

मी आग्रह केला तर म्हणाले, "मास्तर, खोटी हाळी द्यायची नसती. दोनदा खोटी दिली तर तिसऱ्याला जनावर मान वर करीत न्हाई. आन् वाघरू आल्यावर मंग वरडत बसा." वाघरू म्हणजे बिबट्या. त्या डोंगरात सगळीकडेच ही रीत असल्याचं पुढे कळलं. घरं लांब, मध्ये दरी, त्यामुळे हाळीवर सगळा कारभार. गंमत म्हणून हाळी देणाऱ्या पोराला तिथं मार बसतो. मोबाईल आले तरी रेंज कातळाच्या एकाच टोकाला मिळते, म्हणून हाळी टिकून आहे.

मी त्या काळात एका प्रश्नानं झपाटलेला होतो. माणूस बोलायला लागला कसा, हा तो प्रश्न. घसा खाली सरकला, मेंदू वाढला, ओठ-जीभ हलवायला बारीक नसा मिळाल्या, हे सगळं मी फळ्यावर काढून दाखवत असे. पण मला छळायचं ते वेगळंच. शब्द फुकट असतात. हरणाचं शिंग किंवा मोराचा पिसारा खोटा काढता येत नाही, त्याला अंगातलं रक्त खर्ची पडतं. शब्दाला काहीच पडत नाही. मग ज्या दिवशी पहिला माणूस पहिला शब्द बोलला, त्याच दिवशी दुसऱ्यानं खोटं बोलायला सुरुवात केली असणार. असं असताना बाकीच्यांनी ऐकणंच बंद कसं केलं नाही? माणसाची भाषा टिकली तरी कशी? माझ्यासारख्या माणसाला हा प्रश्न आवडावा यात नवल नाही. आणि इथं, वेल्ह्याच्या डोंगरात, शाळेचं तोंड न पाहिलेला एक माणूस मला सांगत होता की खोटी हाळी द्यायची नसते. मी त्याच दिवशी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही.

मग जाणं-येणं सुरू झालं. वर्षातून चार-पाच वेळा तरी मी वर जायचो. हौसाआक्का, म्हणजे आबांची बायको, नाचणीची भाकरी आणि वाटीभर घट्ट दूध पुढे ठेवायच्या आणि विचारायच्या, "आज काय उकरायचंय?" आबा मला शेरडांची हाळी, म्हशींची हाळी, माणसाला बोलावायची हाळी वेगळी करून सांगायचे. सांगायचे फक्त. ऐकायची असेल तर त्या त्या कामाची वेळ येईपर्यंत थांबायला लागायचं. एकदा मी प्रयोगशाळेतला प्लास्टरचा मेंदू पिशवीत घालून वर नेला. त्याचे दोन भाग सुटे होतात. डाव्या भागावर बोट ठेवून म्हटलं, "आबा, माणसाचं बोलणं इथं राहतं." त्यांनी तो हातात घेऊन भोपळ्यासारखा तोलला आणि विचारलं, "आन् हाळी कुटं ऱ्हाती?" मी म्हटलं, "तीही इथंच." विचार न करता म्हटलं. त्यांनी उजवा भाग उचलला. "मंग ह्यो निम्मा काय रिकामाच?" आम्ही सगळे हसलो. हौसाआक्का म्हणाल्या, "तुमचा रिकामा आसंल. माज्यात भांडनं भरल्यात."

गेल्या कार्तिकात आबांना अर्धांगाचा झटका आला. झोळीत घालून खाली आणलं, तिथून टेम्पोनं भोरला. बबन हा त्यांचा एकुलता मुलगा. वेल्ह्यात टेम्पो चालवतो आणि खोली घेऊन राहतो. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि कानाला कायम मोबाईल. तो मला पहिल्यापासून फारसा पसंत नव्हता आणि त्याचं कारण विचाराल तर मला धड सांगता येणार नाही. आबा जगले. उजवा हात आणि उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. म्हणजे मेंदूची डावी बाजू गेली. मी खाटेपाशी उभा राहून हे बबनला समजावून सांगत होतो तेवढ्यात आबांचे डोळे उघडले. हौसाआक्कांनी विचारलं, "पानी देऊ का?" आणि आबा म्हणाले, "व्हय."

आम्हाला कोण आनंद झाला. पण दोन दिवसांत लक्षात आलं की त्यांच्याजवळ एवढा एकच शब्द उरला होता. पाणी हवं का, तर व्हय. दुखतंय का, तर व्हय. आपल्या मुलाकडे बोट करून 'हा कोण' विचारलं तरी व्हय. झटक्यानंतर असं होतं. सगळं कोठार जळून जातं आणि एखादाच शब्द कोपऱ्यात राहतो, तोच माणसाच्या तोंडून पुन्हा पुन्हा येतो. पुस्तकात मी हे वाचलं होतं आणि वर्गात रंगवून सांगितलंही होतं. आबांना घरी, वर वाडीत नेलं, आणि महिन्याभरानं मी भेटायला गेलो तेव्हा बबन ओसरीवर बसून बापाला विचारत होता, "आबा, शेरडं इकून टाकू, आन् तुमी दोगं खाली वेल्ह्यात माज्या खोलीवर या. यायचं का?" आबा म्हणाले, "व्हय."

माझं डोकं तिथंच फिरलं. वेल्हे, भोर, सगळीकडे डोंगराच्या कडेच्या जमिनींवर बाहेरच्यांचा डोळा आहे. म्हातारी माणसं खाली आणायची, जनावरं विकायची, मग वरचा माळ मोकळाच. माझ्या मनात सगळं चित्र तयार झालं. आणि दुसरंही एक चित्र होतं, ते आता कबूल करायला हरकत नाही. आबांनी कातळावरच राहावं, तसेच, मी पंचवीस वर्षं पाहिले तसे, असं मला वाटत होतं. वेल्ह्यातल्या पत्र्याच्या खोलीत, एसटी स्टँडच्या धुरात बसलेले आबा मला नको होते. तर मी बबनला म्हटलं, "थांब. ते प्रत्येक गोष्टीला व्हयच म्हणतात. तो होकार धरता येणार नाही."

बबन म्हणाला, "त्येंना कळतंय, मास्तर."

"बघू या," मी म्हटलं. मोबाईल काढला, आवाज नोंदवायचं बटण दाबलं आणि परीक्षा घ्यायला बसलो. "आबा, तुमचं नाव धाकू का?" व्हय. "तुमचं नाव बबन का?" व्हय. "आपण वेल्हे तालुक्यात आहोत का?" व्हय. "आपण मुंबईत आहोत का?" व्हय. "शेळीला चार पाय असतात का?" "शेळीला पंख असतात का?" "हौसाआक्का तुमची बायको का?" सगळ्याला व्हय. मोबाईल बंद करण्याआधी, परीक्षा संपल्यावर विचारतात तसं, मी विचारलं, "आबा, मी आलो ते बरं वाटलं ना?" त्यालाही व्हय. ते माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यात मला काहीच दिसलं नाही, आणि तेही मी टिपून ठेवलं.

मी बबनला सुनावलं की याच्या जोरावर उद्या कुठल्या कागदावर अंगठा घेतलास तर मी स्वतः तहसील कचेरीत जाऊन सांगेन. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. हौसाआक्का चुलीपासून उठून आल्या. "मास्तर, त्येंचं व्हय येगयेगळं असतंय. मला कळतं की." मी त्यांना ममतेनं, हो, ममतेनंच समजावलं, "आक्का, चाळीस-पन्नास वर्षांचा संसार आहे. तुम्हाला जे ऐकायचंय तेच तुम्हाला ऐकू येतंय. तुमचा दोष नाही."  त्या पुन्हा चुलीशी जाऊन बसल्या. शिकलेल्या माणसानं शास्त्र सांगितलं की आपल्याकडे बोलणं तिथंच संपतं, आणि त्याचा फायदा मी घेतला हे मला त्या वेळी जाणवलंही नाही.

खाली जाणं रद्द झालं. बबननं तो विषय पुन्हा काढला नाही आणि त्याहून वाईट म्हणजे त्यानं बापाला काही विचारणंच सोडून दिलं. महिन्यातून दोनदा किराणा घेऊन यायचा, औषधं ठेवायचा, पाया पडायचा, जायचा. विचारलं आणि उत्तर आलं तर मास्तर काय म्हणतील, या धास्तीनं असेल. माघ गेला, फाल्गुन गेला. वाडीचा झरा आटला की पाणी अर्धी टेकडी उतरून आणावं लागतं. हौसाआक्कांचे गुडघे आधीच गेलेले. मी चैत्रात गेलो तेव्हा त्या हंडा घेऊन बसत-बसत चढत होत्या आणि आबा ओसरीवरून त्या वाटेकडे बघत होते. मी त्यांच्याशेजारी बसलो. "आबा, बरं आहे ना?" काही नाही. व्हयसुद्धा नाही. मी घरी येऊन वहीत लिहिलं, उरलेला शब्दही गेला, आजार पुढे सरकला आहे. तारखेसह लिहिलं.

तेराव्याला मी वर गेलो. माणसं जेवून पांगल्यावर हौसाआक्का माझ्यासमोर येऊन बसल्या. रडून झालं होतं. "मास्तर, एक सांगू का? राग मानू नका."

"सांगा ना."

"तुमी त्या दिशी इचारलंत, नाव धाकू का. तवा त्येंनी म्हनलं, व्हय." हे त्यांनी आखूड, वर उचलून म्हटलं. "मंग तुमी म्हनला, नाव बबन का. तवा म्हनलं, व्हऽऽय." हे लांबवून, खाली सोडत. "ह्ये न्हाईचं व्हय. शेरडांना ये म्हनायचं तर हाळी वर जाती, माघारी फिर म्हनायचं तर खाली येती. शब्द गेलं तर त्येंनी हाळीचं काढलं. करडालाबी कळतंय ते."

मी म्हटलं, "मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"म्हनलं की. तुमी म्हनला, आक्का, तुमाला हवं तसं ऐकू येतंय."

 मग मी विचारलं की खाली वेल्ह्याला यायचं का, असं बबननं विचारलं तेव्हाचं व्हय कुठलं होतं? त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "वरचं. येवडं वरचं की बाहीरची कुत्री उठून हुबी ऱ्हायली. माज्या गुडग्यापायी, मास्तर. त्येंना शेरडांचं काय न्हवतं. मी पानी वडून मरंल ही धास्ती हुती त्येंना."

खोटं कशाला सांगू, उतरताना मी मनात म्हणत होतो की हे सगळं म्हातारीनं मागाहून जुळवलंय. माणूस गेला की घरचे अशा गोष्टी जुळवतात. घरी आल्यावर मोबाईलमधला तो जुना आवाज काढला. पण माझ्या कानांवर आता माझाच भरवसा नव्हता, आक्कांनी सांगून ठेवल्यावर मला तसंच ऐकू येणार. म्हणून आमच्या हिला बसवलं. तिनं आबांना कधी पाहिलेलं नाही आणि मी तिला काही सांगितलंही नव्हतं. माझा प्रश्न यायच्या वेळी आवाज बंद करायचो आणि फक्त व्हय ऐकवायचो. "आवाज वर जातोय की खाली, एवढंच कागदावर खूण करून सांग." तिनं हातात पेन घेतलं आणि खुणा करत गेली. वर, खाली, वर, खाली, वर, खाली, वर. सातही बरोबर. धाकू, बबन, वेल्हे, मुंबई, पाय, पंख, बायको. आठव्यापाशी ती अडली. तीनदा ऐकला. म्हणाली, "हा मधलाच आहे हो. धड वर नाही, धड खाली नाही." तो माझा शेवटचा प्रश्न होता, मी आलो ते बरं वाटलं ना.

बोलणं डाव्या बाजूला असतं हे खरं, पण बोलण्याचा सूर, त्यातला चढ-उतार, हा पुष्कळसा उजव्या बाजूचा कारभार असतो. तान्ह्या मुलाला शब्द नसतात तेव्हा त्याला आईचा सूर कळतो. माणूस बोलायच्या आधी बहुधा असाच वर-खाली आवाज काढून एकमेकांना समजत असावा, असं मानणारे आमच्या विषयात पुष्कळ आहेत. हे मला माहीत होतं. परीक्षेला प्रश्न म्हणून मी घालतही असे. आबांनी प्लास्टरचा उजवा भाग हातात धरून विचारलं होतं तेव्हाही माहीत होतं. आणि तरी माझ्यासमोर एक माणूस भाषा पार जळून गेल्यावर तिच्या मुळाशी जाऊन तिथून पुन्हा बोलत होता, अगदी खरं बोलत होता, आणि मी शेळीला पंख असतात का म्हणून विचारत होतो. त्या डोंगरात असल्या खोट्या हाळीला मार बसतो. भाषा टिकली कशी, या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. ती मोडते कशी, ते मात्र बघितलं. तिला खोटं बोलणारा लागतोच असं नाही. ऐकणाऱ्यानं ठरवलं तरी पुरतं.

गेल्या आठवड्यात वेल्ह्याला गेलो. हौसाआक्का आता बबनच्या खोलीवर असतात. वरचा माळ बबन विकणार का, हा प्रश्न माझ्या जिभेवर आलाच, तो मी गिळला. स्वभाव एका उन्हाळ्यात बदलत नाही. बबन टेम्पो घेऊन नसरापूरला गेला होता. खोली लहान, दार बाजाराच्या अंगाला उघडतं. आक्का चहा ठेवायला उठल्या आणि मी खाटेवर टेकलो. खाटेच्या डाव्या हाताला, भिंतीत, दाराच्या चौकटीपर्यंत एक लोखंडी दांडा पक्का बसवलेला होता. उभ्या माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर. त्याला सायकलची रबरी ट्यूब गुंडाळून घट्ट केली होती, हात सटकू नये म्हणून. मोरीपाशी तसाच दुसरा. तोही डाव्या बाजूलाच.

"हे कधी केलं?" मी विचारलं.

"कार्तिकातच की. आबा दवाखान्यात हुतं तवा. बबन म्हनला, डावा हात चालतोय तर डावीकडनं धरून दारापत्तूर येतील, बसतील, मानसं बगतील." आक्कांनी त्या दांड्यावर वाळत घातलेलं लुगडं बाजूला सरकवलं, मला धरता यावं म्हणून. "तुमी कागदाचं बोललात, त्याच्या म्हैनाभर आदीच झालं हुतं ह्ये समदं."

मी डाव्या हातानं दांडा धरून उठलो आणि एकेक पाऊल टाकत दारापर्यंत गेलो. चार पावलं लागतात. समोर भोरची एसटी लागली होती, माणसं चढत होती, कुणीतरी कुणाला तरी मोठ्यानं हाक मारत होतं. रबर अजून कोरं आहे. मी ते बराच वेळ सोडलं नाही.